विनोदी समीक्षेत हळवी जागा कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोन वर्षं मराठीत विज्ञानकथांच्या मालिकांवर व्हिडिओंतून विनोदी समीक्षा करता. रबरी मुखवटे, धक्का बसला की एकाच बाजूला पडणारे नट, ऐन वेळी बंद पडणारी यंत्रं यांची टर उडवता आणि लोक हसतात. आता ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन मालिकेतला ‘द व्हिजिटर’ हा भाग घ्यायचा आहे. तो पाहताना तुम्ही रडलात, पण लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य खोटं वाटतं. वीस मिनिटं हसवणारे समीक्षक एका क्षणात गळा दाटून आणतात ते कसं, आणि मागे संगीत टाकावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी हे काम नऊ वर्षं करते आहे. लिहिते, बोलते आणि संकलनही करते. माझ्या मते तुमची खरी अडचण रडवायचं कसं ही नाहीच. रडवायचं काम त्या भागाने आधीच केलं आहे, तुमच्यावरही केलं आहे. टर उडवणारा म्हणून ज्याला लोक ओळखतात, तो मनापासून बोलायला लागला तर त्याच्यावर विश्वास बसेल का, ही तुमची भीती आहे. लेखनाची अडचण वेगळी आणि विश्वासाची वेगळी. विश्वासाची अडचण शब्द वाढवून सुटत नाही.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही पडद्यावर स्वतः असता की एखादं सोंग घेऊन बोलता? २००९ साली ‘रेड लेटर मीडिया’ या अमेरिकन समीक्षकांच्या चमूने मिस्टर प्लिंकेट या पात्राच्या तोंडून ‘द फँटम मेनेस’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची ७० मिनिटांची समीक्षा केली आणि ती तुफान गाजली. पण प्लिंकेट हा विकृत म्हातारा आहे. त्याच्या तोंडी अचानक हळवं बोलणं घातलं तर आधी ते पात्र मोडावं लागेल. तुम्ही सोंग घेत असाल तर माझं पुढचं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही. दुसरं म्हणजे लोक तुम्हाला किती दिवस ओळखतात. पाचव्या व्हिडिओत जे जमणार नाही ते पन्नासाव्यात जमतं, कारण तोवर तुमच्या हसण्याची लोकांना सवय झालेली असते, आणि सवय झालेली गोष्ट थांबली तरच ती थांबल्याचं कळतं.

हे मला ‘एसएफ डेब्री’ या अमेरिकन समीक्षकाकडे बघून उमगलं. तो चेहरा दाखवत नाही. पडद्यावर मालिकेची दृश्यं आणि त्यावर त्याचा संथ, सपाट आवाज, एवढाच मामला. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेतली कॅप्टन जेनवे ही माथेफिरू हुकूमशहा आहे, ही गंमत तो वर्षानुवर्षं चालवत आला आहे. तरीही त्याच्या जुन्या चाहत्यांना त्याच्या विनोदांइतक्याच गंभीर जागा आठवतात. चेहरा नसल्यामुळे ऐकणाऱ्यापाशी धरायला फक्त आवाज असतो. तो आवाज जरा जरी खाली आला तरी कान टवकारतात. इतका वेळ कशालाही सोडत नव्हता, तो इथे का थांबला, असं प्रेक्षक स्वतःशीच विचारतो आणि त्या दृश्याकडे नव्याने बघतो. रडू येतं ते त्या नव्याने बघण्यामुळे. समीक्षकाने फक्त बाजूला व्हायचं असतं.

आपल्याकडे कीर्तन ऐकलेल्यांना हे नवीन नाही. बुवा अर्धा तास मांडव हसवत ठेवतात, मग चिपळ्या खाली ठेवतात. चिपळ्या खाली ठेवल्या की पोरंसोरंही गप्प होतात. अजून बुवा काही बोललेलेही नसतात.

म्हणजे हळव्या जागेची तयारी विनोदातच करावी लागते, आणि बहुतेक जण चुकतात ते इथे. ते वीस मिनिटं एका बाजूला विनोद करतात आणि शेवटी दुसऱ्या बाजूला भावना ठेवतात. मधे पूलच नसतो. माझा प्रयत्न असा असतो की ज्या गोष्टीची टर उडवली तीच गोष्ट शेवटी परत यावी, आणि या वेळी हसू न यावं.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या ‘व्हिन्सेंट अँड द डॉक्टर’ या भागाचं उदाहरण घ्या. डॉक्टर हा तिचा काळात फिरणारा नायक. जून २०१० मध्ये दाखवलेला हा भाग रिचर्ड कर्टिसने लिहिला आहे, आणि कर्टिसची सगळी ओळख विनोदी लेखक म्हणून. त्यातला राक्षस अदृश्य आहे. दिसतो फक्त मनाच्या आजाराने ग्रासलेल्या चित्रकार व्हॅन गॉगला. बाकीचे हवेत काठ्या फिरवत त्याच्याशी लढतात. विनोदी समीक्षकाला हे आयतं ताट वाढलेलं आहे: राक्षस न दाखवून पैसे कसे वाचवले, डॉक्टर रिकाम्या हवेला कसा घाबरतो, वगैरे. मीही हे सगळं केलं. पण लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की जे एकट्यालाच दिसतं, बाकीच्यांना दिसत नाही आणि तरी त्याला खरोखर जखमी करतं, ते या माणसाच्या बाबतीत काय आहे हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. मग मी राक्षसावरचा एकही विनोद काढला नाही. उलट दोन वाढवले. आणि शेवटी, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात व्हॅन गॉग आपली चित्रं भिंतीवर लागलेली बघतो आणि बिल नायीने रंगवलेला तिथला तज्ज्ञ त्याची थोरवी सांगत असतो, तिथे मी इतकंच म्हटलं: “राक्षस दिसत नाही म्हणून मघाशी आपण हसलो. त्याला तो रोज दिसत होता.” पुढे नऊ सेकंद मी काही बोलले नाही. त्या व्हिडिओखाली लोकांनी आपापल्या घरातल्या माणसांबद्दल लिहिलं. ती पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत.

एक धोक्याची सूचना इथेच देते. टर कशाची उडवायची हे आधी ठरवा, कारण एकदा उडवलेली टर परत घेता येत नाही. ‘द व्हिजिटर’मध्ये टोनी टॉडने म्हाताऱ्या जेकचं, म्हणजे कथेतल्या मुलाच्या म्हातारपणाचं, काम केलं आहे. भयपटांतल्या कामासाठी ओळखला जाणारा हा नट, ‘स्टार ट्रेक’मध्येही त्याने आधी क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीतला योद्धा रंगवला होता. त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या-मावशीच्या जागची बाई त्या सुमारास वारली होती, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. त्याच्या मेकअपला, थरथरत्या हाताला, आवाजाला हात लावू नका. पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या सुरकुत्यांवर विनोद केलात तर चाळिसाव्या मिनिटाला त्याच सुरकुत्यांकडे बघा असं म्हणायचा हक्क तुमच्याकडे उरत नाही. जेकचा बाप ज्यात नाहीसा होतो त्या अपघाताच्या शास्त्रीय खुलाशावर मात्र मनसोक्त हसा. अवकाशयानाच्या यंत्रात बिघाड, मग एक विजेसारखा लोळ, आणि माणूस काळातून निसटला. लेखकांनाही तो खुलासा महत्त्वाचा नव्हता. त्यांना त्या लोळाच्या पलीकडे जायची घाई होती.

मी स्वतः हा भाग केला होता, तेव्हाची गोष्ट सविस्तर सांगते. तुम्हाला त्यातून हवं ते घेता येईल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. ऑक्टोबर १९९५ मध्ये पहिल्यांदा दाखवलेला हा भाग. कॅप्टन सिस्को मुलाच्या, जेकच्या, डोळ्यांदेखत अपघातात नाहीसा होतो. सगळे त्याला मेला समजतात. पण तो मधूनच काही क्षणांपुरता प्रकट होतो आणि परत जातो. मध्ये वर्षं जातात. मुलगा वाढतो, लग्न करतो, लेखक होतो, आणि बापाला परत आणायच्या ध्यासापायी लेखन सोडून शास्त्र शिकायला बसतो. लग्न मोडतं. बापाचं वय मात्र वाढत नाही, त्याच्यासाठी सगळे काही क्षणच गेलेले असतात. शेवटी म्हातारा जेक, बाप समोर असताना स्वतः मेला तर बाप अपघाताच्या क्षणी परत जाऊन वाचू शकेल, असं ताडून तेच करतो.

शीर्षकाचा साधा मराठी अर्थ ‘पाहुणा’. मी त्यालाच धरलं. सिस्को पहिल्यांदा येऊन नाहीसा होतो तिथे मी म्हटलं, “पाहुणे आले, पण चहा न घेताच गेले.” दुसऱ्या वेळी, “याही वेळी चहा राहिला.” तिसऱ्या वेळी मी काही बोलले नाही, फक्त कप बशीवर ठेवल्याचा आवाज टाकला. हा आवाज मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर घेतला होता, स्टीलच्या कपाचा नव्हे तर चिनीमातीच्या, कारण स्टीलचा फार खणखणीत वाजतो. आणि शेवटच्या प्रसंगात, म्हाताऱ्या मुलाला तरुण बाप धरून असतो तेव्हा माझं वाक्य होतं: “या वेळी पाहुणा शेवटपर्यंत थांबला.”

गंमत म्हणून सुरू केलेली गोष्ट तिथे येऊन ठेपली. ‘हे दृश्य अत्यंत भावनिक आहे’ असं मला म्हणावं लागलं नाही. तुमच्या मसुद्यातलं जे वाक्य तुम्ही दिलं आहे, “हा भाग पाहताना डोळ्यांच्या कडा ओलावल्याशिवाय राहत नाहीत”, ते तुम्हालाच खोटं वाटतं, आणि तुमचं वाटणं बरोबर आहे. ते वाक्य तुमचं नाही, पुरवणीतलं आहे. हृदयस्पर्शी, भावुक, अंतर्मुख करणारं, काळजाला भिडणारं हे शब्द इतक्या वेळा वापरले गेले आहेत की ऐकणारा त्यांच्यावरून घसरून पुढे जातो. भावनेचं नाव घेऊ नका. दिसलेली गोष्ट सांगा. त्या भागात जेकच्या हस्तलिखिताची अर्पणपत्रिका आहे, घरी परत येणाऱ्या बापाला उद्देशून. बाप परत येईल असं नाही, परत येतो आहे. त्या एका क्रियापदाकडे बोट दाखवा. दुसरं काही नको.

मराठीत करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजीत बापाला काय म्हणायचं हा प्रश्न येत नाही. मराठीत जेकचं एक जरी वाक्य सांगायचं तरी ठरवावं लागतं: अहो बाबा की अरे बाबा? मी आमच्या घरी वडिलांना अहोजाहो करते, म्हणून सवयीने “बाबा, तुम्ही” असं लिहिलं. ध्वनिमुद्रण ऐकलं तर ते कचेरीतल्या अर्जासारखं वाटत होतं. मग विचार केला. हा मुलगा आईविना बापापाशी वाढला आहे. दोघं एकत्र जेवतात, मासेमारीला जायचे बेत करतात. तो तूच म्हणणार. पण सत्तरी पार केलेला माणूस चाळिशीतल्या माणसाला तू म्हणतो तेव्हा एरवी तो मोठेपणाचा तू असतो. इथे मात्र तो लहान पोराचा तू आहे. तो पोराचा तू म्हाताऱ्या आवाजात यायला हवा होता. मी ते वाक्य कितीतरी वेळा म्हणून बघितलं. शेवटी जमलं ते वेग कमी करून नव्हे तर किंचित वाढवून, कारण लहान मुलं घाईत बोलतात. तुम्ही कोणता शब्द घ्याल ते तुमच्या घरावर आणि तुमच्या कानावर अवलंबून आहे. पण सहज हाताला लागला म्हणून घेऊ नका.

आता संगीत. माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. तुमच्या आवाजाखाली व्हायोलिन आलं की प्रेक्षकाला कळतं, आता आपण रडावं अशी यांची अपेक्षा आहे, आणि तो मागे सरकतो. त्याऐवजी शांतता ठेवा, पण ती खरी शांतता हवी. संकलनाच्या पट्टीवर आवाज पूर्ण शून्य केला तर हेडफोनवर ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं. माझ्या पहिल्या प्रयत्नानंतर लोकांनी “आवाज गेला आहे, परत अपलोड करा” असं कळवलं होतं. तेव्हापासून मी ध्वनिमुद्रण संपलं की एक मिनिट काही न बोलता माइक चालू ठेवते. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचं बटण बंद. त्या मिनिटात खोलीचा जो हलकासा आवाज येतो तो शांततेच्या जागी टाकायचा. मग थांबलेला माणूस त्याच खोलीत बसलेला आहे असं वाटतं. विशेषतः श्वास कापू नका. आपण एरवी वाक्यांमधले श्वास स्वच्छ करतो. इथे तो राहू द्या.

मूळ दृश्यच लांबलचक दाखवावं असाही मोह होतो, कारण ते आपल्यापेक्षा चांगलं आहे. पण दोन कारणांनी तो आवरा. एक कारण व्यवहाराचं. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम ५२ खाली समीक्षेसाठी रास्त वापराला जागा आहे, पण यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा हेतू बघत नाही, आवाज आणि चित्र जुळलं की दावा लावते. आणि हळव्या प्रसंगात मूळ संगीत सलग चालू ठेवलं तर जुळणी हमखास होते. या धंद्यात वर्षांचं काम वाऱ्यावर जाणं नवीन नाही. २०१५ मध्ये ब्लिप ही व्हिडिओंची संकेतस्थळसेवा बंद झाली तेव्हा तिथे नांदणाऱ्या कितीतरी समीक्षकांना बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: दृश्य पूर्ण दाखवलंत तर तुम्ही तिथून उठून गेलात असं होतं. प्रेक्षक तुमच्यासोबत बघायला आला आहे. चार-पाच सेकंद दृश्य, मग तुमचं वाक्य, मग परत थोडं दृश्य, अशी सोबत ठेवा. १९८८ मध्ये मिनेसोटात सुरू झालेल्या ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या चित्रपटांची टर उडवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात पडद्याच्या खालच्या कडेला माणूस आणि यंत्रमानवांच्या सावल्या दिसतात. ते टर उडवतात, पण खुर्ची सोडून जात नाहीत. तीच बैठक आपली.

‘द इनर लाइट’बाबत मी खुर्ची सोडली होती. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा १९९२ चा भाग. कॅप्टन पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावरचं आख्खं आयुष्य जगून येतो, बायको, मुलं, नातवंडं. शेवटी एकटाच खोलीत तिथे शिकलेली बासरी वाजवतो. माझा व्हिडिओ तिथे येऊन थांबायला हवा होता. मला त्या शांततेची धास्ती वाटली आणि मी बासरीच्या स्वरानंतर लगेच एक विनोद टाकला. एका प्रेक्षक बाईंनी लिहिलं, “तुम्ही आम्हाला तिथवर घेऊन गेलात आणि स्वतः निघून गेलात.” त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. तो व्हिडिओ मी काढून टाकला आणि तीन महिन्यांनी पुन्हा केला. तेव्हापासून हळव्या जागेनंतर निदान दीड मिनिट विनोद नाही, आणि त्या आधीही एक मिनिट नाही. त्यानंतर हसू आलं तर येऊ द्या, पण ते मऊ असावं.

राहिला स्वतःबद्दल बोलण्याचा प्रश्न. तुम्ही लिहिलं आहे की तुमचे वडील गेल्या वर्षी वारले आणि ते सांगावं की नाही हे कळत नाही. हे मी ठरवू शकत नाही. माझी पद्धत सांगते. मजकूर मोठ्याने तीनदा वाचते. तिन्ही वेळा मध्येच थांबावं लागलं तर ध्वनिमुद्रण पुढे ढकलते, कारण ते दुःख अजून फक्त माझं असतं, दुसऱ्याला द्यायजोगं झालेलं नसतं. आणि सांगायचंच ठरलं तर एक वाक्य, पाच नव्हेत. तुमच्या वडिलांचं ते एक वाक्य ऐकलं की प्रेक्षक आपल्या वडिलांकडे वळेल. पाच वाक्यं ऐकली तर तो तुमच्याकडे बघत राहील, आणि बिचारा जेक दोघांच्याही नजरेआड होईल. ध्वनिमुद्रणाच्या खेपांपैकी जिच्यात रडू फुटलं ती ठेवू नका. जिच्यात जेमतेम आवरलं, ती ठेवा.

आकडे बघून घाबरू नका. शांततेच्या जागी प्रेक्षकांचा आलेख खाली जातोच, काही लोक फक्त हसायलाच आलेले असतात आणि त्यांनी उठून जाण्यात काही गैर नाही. व्हिडिओच्या मुखचित्रावर रडका चेहरा मात्र लावू नका. जे आत अवचित भेटायचं ते दारावर टांगून ठेवायचं नसतं.

‘द व्हिजिटर’चं काम मी माझ्या माहेरच्या घरी केलं होतं, कारण तिथली मागची खोली रस्त्यापासून लांब आहे. बाबा तेव्हा होते. त्यांनी आयुष्यात एकही विज्ञानकथा पाहिली नव्हती. ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद असायचा म्हणून ते दार किलकिलं करून, हातात वर्तमानपत्र घेऊन उभे राहायचे, संपलं की पंखा लावायला. शेवटच्या प्रसंगाचं वाचन झालं. मी ठरल्याप्रमाणे खोलीचा आवाज टिपायला माइक चालू ठेवून गप्प बसले होते. पाऊण मिनिट गेलं असेल, तेव्हा दारातून त्यांनी हळूच विचारलं, “मग तो बाप आला का गं परत?”

तो आवाज त्या मिनिटात टिपला गेला आहे. व्हिडिओत मी तो वापरला नाही. पण तुम्हाला ध्वनिमुद्रणानंतर एक मिनिट माइक चालू ठेवा असं सांगितलं, ते नक्की करा. मसुद्याची नवी खेप झाली की इथेच टाका, मी वाचेन.